एकाच ढिगाच्या तीन पिशव्या

रिगवरच्या आमच्या केबिनचे किस्से काढले की चहा निवतो, किस्से संपत नाहीत. अडचण एवढीच, की निम्म्यांत गाढव मीच असतो.

कामरेजच्या पलीकडे तेलविहीर खोदणारी आमची रिग उभी होती. बोअर खाली जाईल तसा दगडाचा चुरा, आम्ही आत सोडलेल्या चिखलाबरोबर, वर चाळणीवर येतो. दर पाच मीटरला तो धुऊन, खोली लिहून पिशवीत भरायचा, हे माझं काम. आमच्या जिऑलॉजिस्ट वानखेडे मॅडम, अमरावतीच्या. त्या चुरा मायक्रोस्कोपखाली बघायच्या आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे मोठं तळं होतं, हे काल बघून आल्यासारखं सांगायच्या. "त्या गाळातच तेल तयार झालं, भाऊ."

हे मी घरी, लिंबायतला आमच्या गल्लीत, जरा फुगवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारची आक्का डबा घेऊन दारात. "भाऊ, माले बी थोडं तेल दे." आठवडाभर मी मागच्या गल्लीने घरी यायचो.

मग झाडाच्या बीचा किस्सा. चुऱ्यात तपकिरी कवचाचा तुकडा दिसला. पळत गेलो, "मॅडम, तळ्याकाठच्या झाडाचं बी!"

त्यांनी बघितलं. "भाऊ, बोअरच्या भेगा बुजवायला काल चिखलात अक्रोडाची टरफलं कोणी ओतली?"

मीच. अख्खी गोण. ड्रिलर जिग्नेशभाई अजून मला 'अक्रोड' म्हणतो.

इथवर हसत सांगता येतं. पुढचं सांगताना मान वर होत नाही.

मॅडमचं म्हणणं होतं, त्या तळ्यात एक नदी उतरत होती, तिची वाळू इथेच लागणार, आणि तेल असलं तर त्या वाळूत. ऑफिसात कोणी मानत नव्हतं. नेमकी ती खोली आली आणि मोबाइलवर मॅच रंगात. मी एकाच ढिगातून तीन पिशव्या भरल्या, तीन वेगळ्या खोल्या लिहिल्या. मॅडमनी तिन्ही तपासल्या. नुसता काळा गाळ. 'वाळू नाही,' असं त्यांनी स्वतःच्या हाताने रिपोर्टात लिहिलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी जेवलो.

चार दिवसांनी विहिरीत, कुठे गाळ कुठे वाळू ते सांगणारं मोजणीचं यंत्र सोडलं. मधल्या पिशवीच्या खोलीला वाळूच वाळू. फोन स्पीकरवर होता. ऑफिसातले साहेब ओरडत होते, "पाच मीटर वाळू तुम्हाला दिसली नाही?"

मॅडमनी तिन्ही पिशव्या टेबलावर ओतल्या होत्या. एकसारखे तीन ढीग. त्यांनी दारातल्या माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर म्हणाल्या, "चूक झाली, सर. माझीच."

खोदकाम पुन्हा सुरू झालं, तेव्हा त्या स्वतः चाळणीपाशी आल्या. रिकामी पिशवी उघडून माझ्यासमोर धरली.

"भरा, भाऊ. पिशवी मी धरते."