भंगारसरांचं विसरण

तळोद्यातले भंगारवाले आमच्या विज्ञानाच्या सरांना आपल्यातलेच समजत. सरांच्या सायकलला कायम खताची एक रिकामी गोणी लटकलेली असायची. तिच्यात सलाइनच्या बाटल्या, ठिबकच्या नळ्या, उडालेले बल्ब, शाईच्या दौती. शाळेत प्रयोगाच्या सामानाचं एक कपाट होतं, पण काही फुटेल या धास्तीने हेडसर त्याची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवत. सर कधी किल्ली मागायला गेले नाहीत. "कुलूप काचले शे," ते अहिराणीत म्हणायचे, "हवा-पाणी बाहेरच शे." आम्ही त्यांना भंगारसर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि बहुतेक आवडतही होतं.

आता सर माणसं ओळखत नाहीत, असं मागच्या महिन्यात कानावर आलं. प्रकाशाला, त्यांच्या गावी, जायचं मी बरेच दिवस टाळलं. त्यांनी मला ओळखलं नाही तर काय, ही भीती होती. मी आज स्वतः विज्ञान शिकवते ती त्यांच्यामुळे, आणि त्यांनीच "तू कोण?" विचारलेलं मला सोसणार नव्हतं.

माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्हच्या जुन्या रबरी नळ्या न्यायला सर तिथे येऊन बसायचे. वडील म्हणायचे, "सर, तुमनी शाळा मन्हा दुकानवरच चालस." सर मान डोलवत आणि जाताना एखादी पक्कडही उचलून नेत. ती परत आणायची आठवण मी करून द्यायची, हे ठरलेलं होतं.

त्यांची एक खोड मात्र इतर शिक्षकांना पटत नसे. फळ्याच्या मधोमध ते रेघ मारत. एका बाजूला पुस्तकातला शब्द आणि दुसऱ्या बाजूला आमच्या घरचा. "पुस्तकना शब्द मांगून, पहिले तुन्हा शब्द सांग," असं म्हणत. डोंगरातून आलेली मुलं त्यांच्या पावरी बोलीत सांगत, सर तो शब्द वाकडातिकडा उच्चारत आणि ती मुलं पोट धरून हसत. जी मुलं बाकीच्या तासांना तोंड उघडत नसत, ती इथे सरांना सुधारायला उभी राहत.

एके दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'विसरण'. "काय असेल?" म्हणून विचारलं. मी लगेच उठले. "सर, इसरी जानं." आमच्या अहिराणीत विसरण्याला तेच म्हणतात. कोणीही हसलं नाही, कारण सगळ्यांना तेच वाटत होतं. सर एकटेच गालात हसले, पण त्यांनी माझं उत्तर खोडलं नाही. रेघेच्या पलीकडे नीट लिहून ठेवलं आणि म्हणाले, "सकाय दखू."

दुसऱ्या दिवशी, नंदुरबारला मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवरची वाळकी लाल मिरची आली. दारं-खिडक्या बंद करून सरांनी दौतीचा दिवा लावला आणि आमच्याच दुकानातल्या पकडीत ती मिरची ज्योतीवर धरली. ज्याला ठसका लागेल त्याने हात वर करायचा, एवढंच सांगितलं. आधी पुढच्या बाकावरचे हात वर गेले, मग मधले, मग शेवटचे. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. शेवटी भिंतीपलीकडून हेडसरांचा खोकला ऐकू आला, तेव्हा त्यांच्या वतीने सरांनी स्वतःचा हात वर केला. मग दारं उघडून म्हणाले, "मिरची जागेवरच आहे. तरी ती सगळ्यांपर्यंत आली. याला विसरण म्हणायचं."

शेवटी मी प्रकाशाला गेले. सर ओसरीत, स्वयंपाकघराच्या दाराशी खाटेवर बसले होते. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली, वडिलांचं दुकान सांगितलं. ते म्हणाले, "कोनी पोर शे तू, माय?" कुणाची मुलगी, ते मी नुकतंच सांगितलं होतं. सरांच्या पत्नी, काकू, हळूच म्हणाल्या, "आते मालेबी वळखत नही. बठ तू, मी खिचडीले फोडणी दी येस." मी बाहेरच्या दाराजवळच्या खुर्चीत बसले.

आतून तेलात मिरच्या पडल्याचा आवाज आला. सरांना ठसका लागला. खोकता खोकता त्यांनी एक हात वर केला आणि तो तसाच धरून माझ्याकडे बघायला लागले. ते कशाची वाट बघत होते हे मला कळलं, तेवढ्यात मलाही ठसका लागला. मी हात वर केला.

"आते उना," सर म्हणाले. ठसका माझ्यापर्यंत आला होता. त्यांनी हात खाली घेतला.

मी डोळे पुसले. "सर, याला काय म्हणायचं?"

सर फळ्यापाशी हसायचे तसेच गालात हसले.

"इसरी जानं," ते म्हणाले.

माझं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. माझं चुकलेलं उत्तर मात्र त्यांनी खोडलं नव्हतं.