कूलरच्या पाठीमागचा वारा

हवा कोणाच्याही मालकीची नसते. हे वाक्य मी माझ्या निरोप समारंभात म्हटले होते, अंगावर शाल आणि हातात नारळ असताना, आणि त्याला टाळ्याही पडल्या होत्या. मे महिन्यात अकोल्यात मात्र ते खरे नसते. तिथे घरातली सगळी हवा कूलरची असते.

आमचा कूलर मागच्या खिडकीत, लोखंडी स्टँडवर आहे. घराची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे, त्यात तो पाठ काढून उभा असतो. त्यात पाणी भरायचे काम बायकोचे. तिला बऱ्याच वर्षांचा दमा आहे. तिसऱ्या बादलीनंतर ती भिंतीला टेकून उभी राहायची. मी त्या वेळी बहुधा वाचत असे. निवृत्तीनंतर एकदा मान वर करून हे पाहिले आणि ठरवले, गच्चीवरच्या टाकीतून कूलरपर्यंत पाइप आणायचा. आणि तो स्वतः आणायचा.

आमचा प्लंबर बाळापूरचा. त्याला नुसती रीत विचारली. जोडाचा तुकडा विकत न घेता पाइपचे टोक तापवायचे, नरम झाले की दुसऱ्या पाइपवर चढवायचे. तो हे पेटत्या रद्दीवर करतो.

"नरम झाला का बस करा, सर," तो म्हणाला. "काळा पडला का त्याचा धूर लय खराब. छातीत बसते."

"मी वाचलंय सगळं," मी म्हणालो.

"मंग तं टेन्शनच नाही," असे म्हणून त्याने बिडी पेटवली.

वाचले होतेच. रद्दी नको म्हणून गरम हवेची गन आणली. गॉगल, हातमोजे, आणि दोन्ही बाजूंना डबे असलेला, वायू अडवणारा मास्क आणला. साध्या कापडी मास्कने धूर अडत नाही, हे मी भेटेल त्याला सांगत होतो. पाइप कापताना पाते आणि पाइप ओले ठेवायचे, भुसा झाडूने उडवायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचा. असे नऊ नियम सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला लावले. नववा नियम होता: तापवण्याचे काम घरात नको, मोकळ्या हवेत करावे.

म्हणून मी बोळात बसलो. वर आकाश होते, दुपारची सावली होती, आणि विशेष म्हणजे वारा होता. धूर माझ्याकडे येतच नव्हता, सरळ बाजूला निघून जात होता. मे महिन्याच्या दुपारी अकोल्यात वारा कुठून आला, हा प्रश्न मला पडला नाही. आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारण्याचा मी पगार घेतला होता.

दोन जोड नीट झाले. तिसऱ्याला टोक करपले. मी ते पुन्हा तापवले.

"कायचा वास येऊन राहिला हो?" बायकोने खिडकीतून विचारले. ती आत पलंगावर पडली होती.

मला वास येत नव्हता. मास्क खरोखर चांगला होता.

"काही नाही," मी ओरडलो. "कूलर वाढव. हवा खेळती राहील."

तिने कूलर वाढवला. वारा चांगलाच सुटला. त्या आवाजात मला तिचा खोकला ऐकू आला नाही. चौथा जोड उत्तम जमला, तो दाखवायला मी आत गेलो, तेव्हा ती पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात रोवून बसली होती. खांदे वरखाली होत होते आणि ओठांचा रंग मला आवडला नाही. दम्याचा पंप तिच्या हातात होता आणि त्याचा उपयोग होत नव्हता. मी मास्क काढला. तेव्हा मला वास आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, घरात काही जाळले का? मी म्हणालो, जाळले नाही, सर्व काळजी घेऊन तापवत होतो, मास्क लावून. बायको चांदूर रेल्वेची आहे. तिकडची माणसे शब्द वाया घालवत नाहीत. तिने नाकावरची वाफेची नळी बाजूला केली.

"डॉक्टरसाहेब, यायच्या घरी मास्क एकच हाय."

नंतर प्लंबर आला. बोळात उभा राहिला, कूलर चालू करायला लावला आणि बिडीचा एक झुरका सोडला. धूर कुठेही न रेंगाळता कूलरच्या ओल्या जाळीत शिरला. घरातून बिडीचा वास आला.

"तुमी धूर बाहेर नाही नेला, सर," तो हळू म्हणाला. "तुमी तो कूलरले पाजला." आणि त्याने बिडी विझवली. त्याला आमच्या दारात बिडी विझवताना मी प्रथमच पाहिले.

याआधी दम्याचा जोर झाला की दोन-तीन दिवसांत ती सावरायची. या वेळी महिना होत आला. ती अमरावतीला मुलीकडे आहे. तिथल्या जिन्यावर अजून मध्ये एकदा थांबावे लागते, असे मुलगी सांगते. ती स्वतः सांगत नाही. परत कधी येतेस, असे मी फोनवर विचारले, तर म्हणाली, "पाहू." मी गन देऊन टाकली आणि नियमांचा कागद काढला. पाइप अर्धाच लागला आहे, गच्चीपासून खिडकीच्या वर तीन हातांपर्यंत.

कूलर मी बादलीने भरतो. त्याला सात बादल्या लागतात.