उंच टाचा आणि भरलेला हंडा

"अगो, अंगणाला भोकं पाडलीस! वाल टोकायचेत का हितं?" आई शेणाच्या हातानंच ओरडत आली. अंगण तिनं नुकतंच सारवलं होतं आणि मी त्यात उंच टाचांचे सँडल घालून उभी होते. उभी म्हणजे काय, वारा नेईल तिकडे जात होते.

त्याला कारण होतं. शहापूरच्या बाजारात कपड्यांचं नवं दुकान निघालं होतं. गिऱ्हाइकांच्या स्वागताला दारात मुलगी हवी होती. अट एकच, उंच टाचा घालून दिवसभर ताठ उभं राहायचं. मालक सोमवारी बघणार होते. जमलं तर नोकरी, नाही तर पुन्हा चिखलात लावणी.

चालणं मला एका दुपारीत जमलं. पडायच्या आत दुसरा पाय पुढे टाकला की झालं. उभं राहणं मात्र महाकठीण. सगळा भार अंगठ्यांवर. पुढे झुकले की नाक आसनगावला, मागे सावरले की वेणी कसाऱ्याला. पोटऱ्या अशा थरथरायच्या की बघून आमच्या कोंबड्यांना घेरी यायची. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा. त्यातली एकही आज हयात नाही, हा भाग वेगळा.

आईनं थोडा वेळ बघितलं, आत गेली आणि भरलेला हंडा आणून माझ्या डोक्यावर ठेवला.

"आता हाल बघू."

हलते कशाला? लहानपणापासून विहिरीचं पाणी वाहिलेली मान ती. मान ताठ झाली, तिच्यामागे पाठ, आणि पाय गपगुमान थांबले. त्या संध्याकाळी माहुली गडाचे सुळके माझ्यापेक्षा जास्त हलले असतील. हंडा उतरवला की मी पुन्हा डुलायला मोकळी.

"मंग हंडा घेऊनच जा," आई म्हणाली.

नेला नाही, तेवढी लाज होती. सोमवारी दारात उभी राहिले आणि मालकांच्या देखत डावा पाय गेला. दार धरायला गेले तर दारच उघडलं. शेजारी साड्यांचा गठ्ठा होता. उचलला, डोक्यावर ठेवला, हात सोडले.

दिवे लागेपर्यंत तशीच उभी होते. अर्धा बाजार बघायला लोटला. मुरबाडहून जादा एसटी सोडावी लागली, असं मी आजही सांगते. आलेल्यांनी साड्याही घेतल्या, पण डोक्यावरच्या गठ्ठ्यातलीच हवी म्हणून काहीजणी अडून बसल्या.

दुकान बंद होताना मी गठ्ठा उतरवला. "शेठ, मग मला ठेवताय ना?"

त्यांनी माझ्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं.

"उद्या चपला घालून ये."