कासवाला ऊन

पेशव्यांच्या शिकारखान्यात जनावरं सांभाळणारा तो माणूस आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी एकदाच आला. त्याचं नाव कोणी विचारलं नाही. देवघरातलं कासव काही खाईना, म्हणून मामंजींनी त्याला बोलावलं होतं. मी धाकटी सून, दाराआडून बघत होते.

त्याने आधी तोंडाची वाफ देऊन स्वतःचा हात ऊबदार केला, मग कासवाच्या पाठीवर अंगठा दाबला. पाठ ओल्या पापडासारखी लवली.

“याला खायला काय घालता?”

“नैवेद्याचा दूधभात,” मामंजी म्हणाले.

“नैवेद्य देवाला दाखवायचा असतो, रावसाहेब. यानं तो खरंच खाल्लाय. आता पाला घाला आणि रोज सकाळी अंगणात ऊन द्या. शेजारी माणूस बसवा, नाहीतर घार उचलून नेईल.”

बसायचं काम माझ्याकडे आलं. लग्न होऊन आल्यापासून उन्हात नुसतं बसायला मिळालं ते तेव्हा. कासव मान लांब काढून चालायला लागलं, की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत.

दोन महिन्यांनी सासूबाईंनी विचारलं, “झाली का गं पाठ टणक?”

मी तोंडाची वाफ देऊन हात ऊबदार केला, त्या दगडासारख्या पाठीवर अंगठा दाबला आणि म्हटलं, “अजून जरा मऊच लागतेय.”