नाक्यावरचा फळा

दोन हजार अठरा साल, मला सत्तरावं लागलं होतं. गाव महानगरपालिकेत गेलं आणि नव्या बाजारपेठेसाठी जुना नाका पाडला. भोवती निळे पत्रे ठोकले. फटीतून बघितलं तर राडारोड्यात आमचा फळा पालथा पडलेला. कोण वारलं, अंत्ययात्रा किती वाजता, ते त्यावर मी खडूनं लिहायचो. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण माझ्या अक्षराला कुणी नावं ठेवली नाहीत.

तिथला इंजिनिअर म्हणाला, "आबा, आता सगळं मोबाइलवर येतं."

"खांदा द्यायला येतो का रे तुझा मोबाइल?"

तो हसला. त्याच दुपारी किसन कुंभार गेला. साऱ्या गावाच्या मयताला मडकं द्यायचा तो. तिरडी बांधून आम्ही तिघं वाट बघत बसलो. कुणाला कळलंच नव्हतं. शेवटी चौथा खांदा पत्र्यापाशी बसणाऱ्या वॉचमननं दिला. वाटेत त्यानं विचारलं, "नाव काय होतं यांचं?" एवढं मोठं शहर घेऊन माणसानं करायचं काय? उद्या मी गेलो तर लिहिणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी चुना कालवला, निळ्या पत्र्यावर किसनचं नाव आणि दहाव्याची वेळ लिहिली, आणि खाली माझ्यापुरती जागा सोडली.