गुळगुळीत टायरचं वजन

वळणावरच्या दुकानात पस्तीस वर्षं टायर बदलणाऱ्या त्या माणसाला सगळे टायरकाकाच म्हणत. खरं नाव बहुधा बायकोलाच ठाऊक असावं, आणि तीही ‘अहो’वर भागवायची. टायरवर नुसता हात फिरवून काका सांगत, “मागचा डावा संपलाय. बदला, नाहीतर भर रस्त्यात दगा देईल.”

घर दुकानाच्या वरच. उतारावरून येणाऱ्या बस बरोब्बर त्यांच्या खिडकीखाली ब्रेक मारत. काकू रोज दोनदा चौकट ओल्या फडक्याने पुसत आणि दोन्ही वेळा फडकं काळंकुट्ट निघे.

“अहो, ही कसली धूळ? झटकली तर उडत नाही, हाताला चिकटते.”

“रस्ता म्हटला की धूळ आलीच.”

“तुमचे ते टायर गुळगुळीत होतात, त्यातलं रबर जातं कुठे?”

काका खो खो हसले. “रस्ता खातो!” ही गंमत त्यांनी आठवडाभर गिऱ्हाइकांना ऐकवली.

पुढे काकूंना जिना चढताना धाप लागू लागली. मागच्या गल्लीत खोली बघू या, असं त्या तीनदा म्हणाल्या. “दुकान सोडून पाय निघत नाही गं,” काकांचं तिन्ही वेळा तेच उत्तर. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. दोन वर्षांत त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, “फुप्फुसं थकली होती. एकाच कारणावर बोट नाही ठेवता येणार.”

मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. आईमागे घर आवरताना ते फडकं तिच्या हाती आलं. “बाबा, ही नुसती धूळ नाही. टायर झिजतात त्याचे कण असतात यात. काही इतके बारीक की श्वासाबरोबर आत जातात.” वर्गात सांगावं तसं ती सांगून गेली. काकांचा चेहरा तिने पाहिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला जुने टायर न्यायला आला. काकांनी त्याचा काटा मागून घेतला. एकाच मापाचे दोन टायर, एक कोरा, एक झिजलेला. फरक सव्वा किलोचा. एका टायरमागे सव्वा किलो! काकांनी परत वजन केलं.

मुलीने तिच्या घरी राहायला येण्याचा आग्रह केला, पण ते गेले नाहीत. दुकान चालूच ठेवलं. दुसरं येतच काय होतं त्यांना? फक्त आता ते प्रत्येकाला सांगत, “हवा बरोबर ठेवा, वळणावर वेग आधीच कमी करा. टायर कमी झिजतो.” लोकांना वाटे, म्हातारा स्वतःच्याच पोटावर पाय आणतोय.

एकदा बसचा ड्रायव्हर हवा तपासायला थांबला. “काका, टायर टिकले तर तुम्ही खाणार काय?” तो हसत म्हणाला.

काकांनी कारण सांगितलं. त्याचं हसू मावळलं. खिडकीकडे बघत तो हळूच म्हणाला, “रोज बारा फेऱ्या असतात माझ्या इथून. काकू हात करायच्या.”

“तुझा काय दोष, बाबा? तू पोटासाठी गाडी चालवतोस.”

ड्रायव्हरला काका एवढं सहज म्हणून गेले. स्वतःला मात्र कधीच म्हणता आलं नव्हतं. हातातली हवेची नळी तशीच फुसफुसत राहिली, आणि इतके दिवस कोरडे राहिलेले काका चाकाशी उकिडवे बसून ढसाढसा रडले.