ऐकू येतंय

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच पडून असायचं. इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत, घरी, ओळखीपाळखीत, सगळे तिला भोंगा म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण नाव अगदी चपखल होतं. तिने कुजबुजून सांगितलेलं गुपित तिन्ही मशिनं चालू असतानासुद्धा पलीकडच्या भिंतीपाशी चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायकांना शब्दन्‌शब्द कळायचं. लहानपणी शाळेच्या समूहगीतात तिला मागे उभं केलं होतं आणि बाईंनी बजावलं होतं, तोंड नुसतं हलवायचं, आवाज काढायचा नाही. आठ वर्षांच्या पोरीला असं सांगणाऱ्या बाईला काय म्हणावं? पण पोरीने ते निमूट ऐकलं आणि वर्षभर स्नेहसंमेलनाची तालीम ओठ हलवत काढली.

तो आवाज पुढे जगात एकाच माणसाने मागून घेतला. तो माणूस म्हणजे मास्तर.

मास्तर गायक. गाण्यावर पोट भरायला लागण्याआधी अकरा वर्षं त्यांनी शाळेत मुलांना गणित शिकवलं होतं. शाळा सुटली तरी सवय सुटली नाही. कार्यक्रम सुरू करण्याआधी ते कपाळाशी हात धरून दिव्यांच्या पलीकडे बघायचे आणि विचारायचे, "मागे ऐकू येतंय?" शेवटच्या बाकावरच्या मुलांकडे कुणाचं लक्ष नसतं, ही त्यांची जुनी खंत होती. पुढच्या महागड्या खुर्च्यांमधली मंडळी कौतुकाने हसायची आणि मागून उत्तर यायचं, "येतंय!"

बत्तीस वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना, ती पहिल्यांदा त्यांच्या कार्यक्रमाला गेली आणि हा प्रश्न कानावर पडताच तिच्या तोंडून "येतंय" असं काही निघालं की अख्खं सभागृह मागे वळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. मास्तर मात्र हसले नाहीत. "हा आवाज पोचला," ते म्हणाले. "आता गायला हरकत नाही."

त्या दिवसापासून तिने गावातला त्यांचा एकही कार्यक्रम चुकवला नाही. एकदा तेवढा उशीर झाला. नवरा बसचालक, आणि नेमकी त्याचीच बस, जिच्यात ती बसली होती, ती मध्येच बंद पडली. इकडे मास्तरांनी दोनदा विचारलं, लोकांनी दोनदा सांगितलं, तरी ते गायला सुरुवात करेनात. "एक येतंय कमी आहे," म्हणाले. ती धापा टाकत दारात पोचली आणि तिथूनच ओरडली, तेव्हा कुठे गाणं सुरू झालं. शेवटच्या रांगेतले शिंपीकाका हा किस्सा तिखटमीठ लावून सांगायचे. त्यांच्या सांगण्यात बस बंद पडायची ती चक्क नदीच्या पुलावर. पण मास्तर थांबले होते, एवढं सोळा आणे खरं. तिने त्यांना जवळून कधी पाहिलं नाही, त्यांनीही तिचा चेहरा पाहिला नसावा. बत्तीस वर्षांत दोघांचं बोलणं झालं ते इतकंच, एक प्रश्न आणि एक उत्तर. नवरा चिडवायचा, म्हणायचा, आपल्या संसारात तुझं यापेक्षा जास्त बोलणं होतं, पण इतकं मनापासून नाही.

मग मास्तर आजारी पडले. कार्यक्रम रद्द झाले. उपचारासाठी परदेशी नेलंय असं वर्तमानपत्रात आलं. शेवटच्या रांगेतल्या मंडळींचा जीव टांगणीला लागला. भोंगाला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ती लाँड्रीत इस्त्रीपाशी उभी राहून दिवसभर त्यांची गाणी म्हणायची. कशी म्हणायची, ते विचारू नये. सुराशी तिचं कधी पटलं नाही, आणि घरी निघालेल्या वाटसरूचं जे गाणं तिचं सर्वांत आवडतं, त्याच्या दुसऱ्या कडव्यात ती नेहमी एक ओळ गाळून पुढे जायची. बायका हसायच्या. पण गाण्यात जीव होता, हे त्याही मान्य करायच्या.

इथे लाँड्रीतली एक गोष्ट सांगायला हवी. वरच्या मजल्यांवरचे मळके कपडे गाठोडी बांधून एका मोठ्या पत्र्याच्या पाइपातून थेट तळघरात येऊन पडत. बायका त्याला नळकांडं म्हणत. खाली त्याला एक झडप होती. वाफेने जीव घाबरा झाला की झडप उघडी ठेवायची, म्हणजे जरा हवा खेळायची. पण त्या वाटेने कपडे जसे खाली यायचे, तसा आवाज वर जायचा. मागच्या वर्षी कुठल्याशा रुग्णाच्या नातेवाइकाने तक्रार केली होती, "खालचं सगळं वर ऐकू येतंय." साहेबांनी भोंगाला लेखी ताकीद दिली. पुन्हा तक्रार आली तर रक्ताने माखलेले कपडे निवडायच्या खोलीत बदली, आणि त्यानंतर घरी. तेव्हापासून लाँड्रीत 'ऐकू येतंय' या शब्दांचा एकच अर्थ उरला होता, तोंड बंद करा.

त्या मंगळवारी दुपारी वाफ फार झाली होती. झडप उघडी होती आणि भोंगा वाटसरूच्या गाण्यात रंगली होती. दुसरं कडवं आलं, ओळ गळली, आणि तेवढ्यात वॉर्डातले मामा जिना उतरून आले. मामांचं काम कपडे, औषधं, निरोप, जे हातात पडेल ते जसंच्या तसं पोचवायचं. त्यांनी निरोपही तसाच पोचवला.

"सहा नंबरचे पेशंट म्हणतायत, ऐकू येतंय."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तिने तर ताक ओतूनच दिलं. मामांना हात जोडून म्हणाली, चुकलं, सांगा त्यांना, पुन्हा नाही होणार. झडप लावली. झडपेच्या फटीत घोंगडीची घडी कोंबली. मामांची पाळी संपली होती, ते घरी गेले. तसंही तळघरातला निरोप वर नेण्याची इस्पितळात कुणाला सवय नव्हती. पुढचे बारा दिवस लाँड्रीत गाणं झालं नाही. नव्या कोणी बाईने गुणगुणायला सुरुवात केली की भोंगाच तिला गप्प करायची. तळघरात घामाच्या धारा लागायच्या, पण झडप तिने कुणाला उघडू दिली नाही.

तेराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, मास्तर गेल्याचं कळलं. चहाच्या सुट्टीत ती वर आली तर इस्पितळाच्या फाटकाशी ही गर्दी. हातात फुलं, डोळे सुजलेले. शिंपीकाका गळ्यात माप घ्यायची फीत तशीच घेऊन दुकानातून धावत आले होते आणि कठड्याला धरून रडत होते. इथे का जमलेत सगळे, हे तिला कळेना. रखवालदाराने सांगितलं, परदेशी वगैरे काही नाही, इथेच होते, एकोणीस दिवस. लोक गर्दी करतील म्हणून घरच्यांनी गाजावाजा केला नाही. कागदावर त्यांचं शाळेतलं जुनं नाव होतं. खोली नंबर सहा.

ती उलट्या पावली जिना उतरली. सहा नंबरचं गाठोडं सकाळीच आलं होतं. तिनेच उघडलं होतं, तिनेच मशीनमध्ये टाकलं होतं. गोल काचेमागे चादर, अभ्रा, अंगातला सदरा उकळत्या पाण्यात गरगरत होते. ती काचेसमोर उभी राहिली. मशीन थांबेपर्यंत हलली नाही. निघालेली चादर लख्ख होती. तिच्या हाताला यश होतं, डाग कधी उरायचा नाही, आणि त्या दिवशी तिला आपल्या हातांचा राग आला.

तरीही तोवर दुःख म्हणजे निव्वळ दुःखच होतं. निदान गप्प बसून आपण त्यांना शांतता दिली, असं तिने धरलं होतं. शिंपीकाकांनी रविवारच्या शोकसभेचं ठरवलं. मास्तरांच्या एका जुन्या ध्वनिमुद्रणाने सभा सुरू करायची. त्यात मास्तर विचारणार, "मागे ऐकू येतंय?" पुढचं लोकांचं उत्तर कापून तिथे जागा मोकळी ठेवायची आणि ते उत्तर भोंगाने द्यायचं, एकटीने, शेवटचं. ती हो म्हणाली. एवढं केलं की त्यांना नीट निरोप दिल्यासारखं होईल, असं तिला वाटलं. आठवडाभर ती त्या एका शब्दाच्या आधारावर उभी होती.

शनिवारी दुपारी सहा नंबरच्या खोलीवरची सिस्टर खाली आली. तरुण, मनाची चांगली मुलगी. आपण काहीतरी गोड बातमी घेऊन आलोय, अशा चेहऱ्याने तिने विचारलं, "तुमच्यातलं गायचं कोण हो?"

बायकांनी भोंगाकडे पाहिलं.

"मास्तरांना फार आवडलं होतं," सिस्टर म्हणाली. "त्या दिवशी आवाज आला तसे उठूनच बसले. मला म्हणाले, खाली निरोप द्या. फक्त 'ऐकू येतंय' एवढंच सांगा, त्यांना कळेल. माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. म्हणून मी मामांना पाठवलं."

भोंगाच्या हातातली इस्त्री चादरीवर तशीच राहिली. शेजारणीने ती उचलली, नाहीतर चादर जळाली असती.

"मग गाणं बंदच झालं," सिस्टर सांगत होती. "दुसऱ्या दिवशी त्यांनी बोळातल्या नळकांड्याच्या तोंडाशी खुर्ची मांडायला लावली. चार दिवस रोज दुपारी जाऊन बसायचे. मला विचारायचे, आज सुट्टी आहे का त्यांना? मी म्हटलं, पाळी बदलली असेल. मग त्यांना उठवेना."

सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या, तशी ती ओशाळून निघून गेली. बिचारीला काय ठाऊक, आपण काय ठेवून चाललो ते.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ती काय म्हणतेय ते ऐकायला जवळ सरकावं लागलं. तुझा काय दोष, तुला काय माहीत, असं तो म्हणाला. दुसरा कोणीही हेच म्हणाला असता. तिला ते पटतही होतं. पण बत्तीस वर्षं ती ज्या दोन शब्दांवर जगली, तेच शब्द त्यांच्याकडून तिच्याकडे आले आणि तिने ते साहेबांची ताकीद म्हणून ऐकले, हे कुठल्या पाण्याने धुऊन निघणार होतं?

"उद्या जा आणि ओरड," नवरा म्हणाला. "जे राहिलं ते सांगून टाक."

"आता कुणाला ऐकू जाणार आहे?" ती म्हणाली.

"ते शेवटी खुर्ची टाकून बसले होते, म्हणजे त्यांना..." तो समजावायला लागला होता. त्याने तिचे हात हातात धरून ठेवले.

रविवारी सकाळी सभागृह खचाखच भरलं होतं. शिंपीकाकांनी शेवटच्या रांगेत तिची नेहमीची खुर्ची रुमाल टाकून धरली होती. त्यांना तिने काही सांगितलं नव्हतं, म्हाताऱ्याला कशाला? मंचावर कुणीच नव्हतं, फक्त एक खुर्ची मांडली होती आणि तिच्यावर मास्तरांची शाल.

दिवे मंद झाले. कर्ण्यातून मास्तरांचा आवाज आला, घसा साफ केल्याचा, मग थोडंसं हसल्याचा.

"मागे ऐकू येतंय?"

सगळ्या माना वळल्या. हजार माणसं तिच्याकडे बघत होती. तिने तोंड उघडलं. डोळ्यांसमोर तो वरचा बोळ उभा राहिला, नळकांड्याच्या तोंडाशी ठेवलेली खुर्ची, तिच्यावर कान देऊन बसलेला म्हातारा माणूस, आणि खाली तिनेच कोंबलेली घोंगडी. आवाज फुटला नाही. काकांनी कोपराने हळूच ढोसलं.

"शेवटच्या रांगेत?" मास्तरांनी पुन्हा विचारलं. ते नेहमीच दोनदा विचारायचे.

मधूनच कुणीतरी चाचरत "येतंय" म्हणालं आणि गप्प झालं. एक खोकला ऐकू आला. आणि मग वाद्यं वाजायला लागली. ध्वनिमुद्रण कुणासाठी खोळंबत नाही. मास्तर तिच्याविना गायला लागले.

गाणं वाटसरूचंच होतं. हळूहळू माना पुन्हा पुढे वळल्या, लोक डोळे पुसू लागले. दुसरं कडवं आलं, त्यातली ती ओळही आली, जी ती कायम गाळायची. शिंपीकाकांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.